ठिबकच्या नावाखाली 1,08,500 रुपये गेले

ठिबकच्या अनुदानाच्या पूर्वसंमतीचा, म्हणजे माल घेण्याआधीच्या सरकारी मंजुरीचा, कागद घेऊन कोणी दारात आला, तर आधी महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनला जाऊन खात्री करा. मी केली नाही. अडीच एकर मोसंबी, चैत्रातच विहीर दोन परसावर आलेली, आणि ठिबकचा माल विकायला आलेला हा माणूस म्हणाला, "अण्णा, मंजुरी आलीय, माल टाकून घ्या, 80 टक्के तुमच्या खात्यावर परत." अल्पभूधारकाला ठिबकवर तेवढं अनुदान आहे हे खरंच होतं, म्हणून त्याचं बाकीचंही खरं वाटलं. झाडं डोळ्यांदेखत वाळत असताना कोण कागद चाळत बसतो?

बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून 51,000 रोख दिले. 40,000 फोनवरून पाठवले. जोडणीच्या दिवशी 17,500. पावती कच्ची, जीएसटी क्रमांकाशिवाय. पक्कं बिल नसेल तर एक रुपया देऊ नका.

लॅटरलची, म्हणजे झाडापर्यंत पाणी नेणाऱ्या बारीक नळ्यांची, बंडलं बांधावर उतरली तेव्हाच कळायला हवं होतं. नळीवरच्या आयएसआयच्या खुणेवरून मी ओला अंगठा फिरवला आणि अक्षरं पुसली गेली. अंगठा काळा झाला. मी विचारलंसुद्धा! "नवा माल आहे, शाई ताजी आहे," म्हणाला. ते काळं बोट धोतराला पुसून मी त्याला चहा पाजला. हे आठवलं की आजही रात्री झोप लागत नाही. त्या खुणेजवळ सीएम/एल क्रमांक, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा क्रमांक असतो, तो ही खूण देणाऱ्या बीआयएसच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम होतं.

वैशाखाच्या उन्हात नळ्या टेक-ऑफपाशी, म्हणजे मोठ्या पाइपाला जोडतात तिथे, फाटायला लागल्या. भंगार प्लास्टिक वितळवून केलेला माल. कागदावरचा अर्ज क्रमांक दुसऱ्याच गावच्या शेतकऱ्याचा निघाला.

कृषी कार्यालयात चार खेपा घातल्या. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला भेटले ते म्हणाले, "पूर्वसंमती आमच्याकडून गेलेलीच नाही, आणि तिच्याआधी घेतलेल्या मालाला अनुदान बसत नाही." म्हणजे फसवलं त्याने आणि नियम मला! आपल्या शिक्क्याचा खोटा कागद फिरतोय, याचं एकालाही काही वाटलं नाही. झेरॉक्ससुद्धा ठेवून घेतली नाही. पोलीस ठाण्यात तीन तास बसवलं आणि "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" म्हणून परत पाठवलं. खोटा सरकारी कागद दिवाणी कसा होतो? लेखी तक्रारीची पोच मागितली तर हवालदार अंगावर आला. ज्याच्या नावाची पावती होती, त्या कंपनीने हा आमचा विक्रेताच नाही म्हणून हात वर केले.

ओळखीतला आहे म्हणून कोणावर विसंबू नका, ओटीपीही सांगू नका. हा माझ्या मेहुण्याच्या ओळखीतलाच होता.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, हेही मला एका वकिलाकडून कळलं, कुठल्या कार्यालयातून नाही. अर्ज टाकलाय. फाटक्या नळ्या पोत्यात भरून ठेवल्यात. तुम्हीही रागाच्या भरात त्या जाळू नका, तेवढाच पुरावा हातात आहे.