परक्या शहराची खात्री: तक्ता बघावा की फोन लावावा?

डिसेंबर २०२३ मध्ये ‘क्राइम इन इंडिया’ या देशभरच्या गुन्ह्यांच्या सरकारी अहवालाचा २०२२ सालचा अंक आला, त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. सुरक्षित शहरांत पुणं देशात दुसरं! दर लाख लोकांमागे दखलपात्र गुन्हे कोलकात्यात ८६.५, पुण्यात २८०.७, हैदराबादेत २९९.२. वीस लाखांवर वस्तीच्या १९ शहरांत आपला नंबर दुसरा. पहिल्यात आणि दुसऱ्यात तिपटीहून जास्त अंतर आहे, याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझं गेलं, कारण जानेवारीची कोलकात्याची तिकिटं काढून झाली होती आणि घरात ‘जावं की रद्द करावं’ हे रोज रात्री जेवताना चालू होतं. बरोबर येणार होती सत्तरी ओलांडलेली आई, आणि कोलकाता म्हटलं की गर्दी, मोर्चे आणि पाकीटमार एवढंच डोळ्यांपुढे येणारी बायको.

परक्या मोठ्या शहरात जायच्या आधी ते कितपत सुरक्षित आहे हे बघायचे माझ्या माहितीत दोन धड मार्ग आहेत. एक तक्ता, म्हणजे सरकारी आकडे. दुसरा फोन, म्हणजे तिथं राहणाऱ्या कोणाला तरी विचारणं. दोन्ही मी वापरून बघितलेत. (तिसरा म्हणजे नंबिओसारख्या साइटवरचे शंभरपैकी गुण. ते साइटवर येणाऱ्या लोकांना ‘तुम्हाला काय वाटतं’ विचारून काढतात. तसं तर आमचा ग्रुपही सांगतोच. चौथा, नकाशावर रस्त्यांचे फोटो बघणं. फोटो सगळे दिवसाउजेडीचे, आणि आपली भीती रात्रीची.)

तक्त्याचं आधी चांगलं सांगतो. घरातली निम्मी भीती त्यानेच घालवली. ८६.५ हा आकडा बायकोला दाखवला, सलग तिसऱ्या वर्षी कोलकाता पहिलं आहे हे दाखवलं, तेव्हा ‘रद्द करू’ हा विषय मिटला. माझ्या चार वेळा समजावण्याने तो मिटला नव्हता. ऐकीव भीतीला उतारा म्हणून आकडा उत्तम. त्यातही एकूण गुन्ह्यांपेक्षा खुनाचा आकडा बघावा, असं मी सुचवेन. चोरीची नोंद होते किंवा होत नाही. खून दडपणं त्या मानाने कठीण, म्हणून दोन शहरांची तुलना तिथे थोडी तरी सरळ होते.

पण तक्त्याच्या तळटीपा वाचायची सवय असेल तर उत्साह जरा ओसरतो. एक म्हणजे भागाकार. शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरलेली. आता पुण्याच्या वेशीवरचं २०११ चं वाघोली आठवा आणि आजचं बघा. गुन्हे आजच्या माणसांचे आणि भागायचं तेव्हाच्या माणसांनी, म्हणजे जे शहर जास्त फुगलं त्याचा दर उगीचच मोठा दिसणार. दुसरं, एका फिर्यादीत चार गुन्हे असले तर त्यातला सगळ्यात गंभीर तेवढाच मोजतात. घर फोडून खून केला, तर तक्त्यात तो नुसता खून. तिसरं तर अहवालातच लिहून ठेवलंय: गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं. दिल्लीत २०१५ पासून वाहनचोरीची तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते. जिथे तक्रार सोपी तिथे आकडा मोठा, आणि लांबून बघणाऱ्याला ते शहर चोरांचं.

हे सगळं मी वाचून ‘असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. सोडलं नाही, त्याचं कारण खिशातलं आहे.

अहवाल ज्या वर्षाचा त्याच वर्षी, २०२२ च्या पावसाळ्यात, पुण्यातच गर्दीच्या सिटी बसमध्ये माझा मोबाइल गेला. गेला म्हणजे मारला. दारात उभा होतो, मागून रेटा आला, पुढच्या स्टॉपवर दोघं उतरले आणि खिसा हलका. तसाच जवळच्या चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, अगदी आपुलकीने वागले. अर्जात मी लिहिलं, ‘माझा मोबाइल चोरीस गेला.’ त्यांनी वाचलं, पेन माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, “चोरीस नका लिहू. गहाळ झाला लिहा. तुम्हाला सिमकार्डसाठी कागदच पाहिजे ना? लगेच शिक्का मारतो.”

मी म्हटलं, “अहो, पण चोरीला गेलाय.”

“तुम्ही घेताना बघितलं का कोणाला?”

नव्हतं बघितलं. पावणेआठ वाजले होते, बाहेर धो धो पाऊस, बायको वाट बघत असणार आणि तिला फोन करायला फोनच नाही. मी ‘चोरीस गेला’ खोडलं आणि वर ‘गहाळ झाला’ लिहिलं. खोडलेल्या जागी सही करायला लावली. शिक्का बसला. पाच मिनिटांत बाहेर.

तो कागद अजून माझ्या फायलीत आहे. आणि अहवाल बघितल्यापासून मला एवढंच दिसतं की पुण्याच्या २८०.७ मध्ये मी नाही. माझा फोन कोणी चोरला नाही, तो गहाळ झाला. ग्रुपवर दोन-तीन जणांना विचारलं, तर तिघांच्याही घरात असाच एकेक कागद निघाला. आता कोलकात्यात किती कागद असतील? तिथले साहेब जास्त कडक असतील, जास्त सैल असतील. मला काय कळणार. म्हणजे ८६.५ आणि २८०.७ या दोन आकड्यांत गुन्ह्यांचा फरक किती आणि लिहून घेण्याचा किती, हे मला इथे बसून सांगता येत नाही. एखाद्या अभ्यासकाला येत असेल. मला तर आईला घेऊन गाडीतून उतरायचं होतं.

म्हणून फोन. पण फोनमध्येही खड्डे आहेत, ते आधी सांगायला हवेत. चुकीच्या माणसाला लावला तर तक्ता परवडला. पहिला फोन मी लावला एका जुन्या ओळखीच्यांना, तीस वर्षं कोलकात्यात. ते म्हणाले, “काही होत नाही हो, बिनधास्त या.” दुसरा नात्यातल्या एकांना, जे वीस वर्षांपूर्वी तिथली बदली संपवून परत आले. ते म्हणाले, “नको रे बाबा, म्हातारं माणूस घेऊन तर मुळीच नको.” दोघंही खोटं बोलत नव्हते. एकाला शहर अंगवळणी पडलंय, दुसऱ्याच्या डोक्यात ते वीस वर्षांपूर्वीचंच राहिलंय. तरी दोघांनाही कौल देता आला, कारण मी प्रश्नच तसा विचारला होता: ‘सेफ आहे ना?’

तिसरा फोन कामाला आला. आमच्या सोसायटीतली मुलगी, दीडेक वर्षापूर्वी नोकरीसाठी तिकडे गेलेली. तिची आई आणि माझी बायको एका भिशीत. ती सेफ आहे का, नाही का, यात शिरलीच नाही. तिने पहिल्यांदा विचारलं, “काका, गाडी कितीला पोचते?”

आझाद हिंद एक्स्प्रेसने हावडा स्टेशनला जाणार होतो. पोचते पहाटे, चारच्या आसपास.

“मग बाहेर पडायचंच नाही. वेटिंग रूममध्ये बसा, आजींना झोपू दे. टॅक्सीवाले आत येऊन बॅगेला हात घालतील, नाही म्हणायचं. टॅक्सीच हवी असेल तर प्रीपेडच्या खिडकीवरूनच. पण मला विचाराल तर उजाडू दे, समोरच घाट आहे, लाँच पकडा, नदीपलीकडे बाबूघाटला उतरा. आणि हॉटेल मोठ्या रस्त्यावर आहे की गल्लीत?”

गल्लीत होतं. बदललं. तीनशे रुपये रोजचे जास्त पडले.

तिच्या बोलण्यात मला पटलं ते एवढ्यासाठी, की ती स्वतः कसं करते ते सांगत होती. तेव्हापासून मी प्रश्न बदलला आहे. ‘शहर कसं आहे’ विचारत नाही. ‘तू रात्री साडेदहाला घरी कशी येतेस’ विचारतो. शक्यतो बाईमाणसाला विचारतो, शक्यतो जी बसने किंवा पायी फिरते तिला, आणि शक्यतो तिथे जाऊन दोन-तीन वर्षंच झालेल्या कोणाला. अशा माणसाला अजून सगळं खुपत असतं.

जानेवारीत गाडी तासभर उशिरा, पावणेपाचला हावड्याला लागली. बाहेर अंधार, धुकं, शालीत गुंडाळलेली माणसं फलाटावर ओळीने झोपलेली. आईने विचारलं, “एवढं सुरक्षित शहर आहे म्हणालास ना? मग बसायचं कशाला इथे?” उत्तर काय देणार. चहा आणून दिला. सात वाजून गेल्यावर लाँचच्या कठड्याला धरून तिने हावडा पूल खालून बघितला, आणि पुढचे सहा दिवस ती भेटेल त्याला तेवढंच सांगत होती. (मार्च २०२४ पासून मेट्रो नदीखालून थेट हावड्याला येते. म्हणजे आमच्यानंतर दोन महिन्यांनी. आमच्या नशिबात मेट्रो नेहमी दोन महिने पुढेच असते, मग ती कुठलीही असो.) पाकीट कोणाचं गेलं नाही. पण त्यावरून कोलकात्याचं काही सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही; आम्ही तिघं, सहा दिवस.

आता उलट बाजू. पुण्याला येणाऱ्यांचे फोन मला येतात. लातूरहून भाची यायची होती गेल्या वर्षी, क्लाससाठी. तिच्या आईनेही तोच प्रश्न विचारला, “पुणं सेफ आहे ना रे?” आणि माझ्या तोंडावर आलं होतं, ‘देशात दुसरं आहे.’ गिळलं.

त्याऐवजी भाचीला गाडीची वेळ विचारली. रात्री आठची ट्रॅव्हल्स बघत होती, स्वस्त म्हणून. ती पहाटे चारला हडपसरला उतरवते, आणि त्या वेळी गाडीतळावर एकटी मुलगी बॅगा घेऊन उभी राहणार. साडेदहाची घे म्हटलं, उजेडात पोचशील. पुढे कधी एसटीने आलीस तर तिकिटावर ‘शिवाजीनगर’ असतं, पण ते स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला गेलंय, हे सांगितलं. नाहीतर उतरलेला माणूस जुनं स्टँड शोधत बसतो. आणि स्वारगेटचं सांगावंच लागलं. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे तिथे आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. ‘ताई’ म्हणत जवळ आलेल्या माणसाने ‘तुमची गाडी तिकडे लागलीय’ सांगून तिला बसपर्यंत नेलं होतं. तेव्हा कुठली गाडी कुठे लागते हे फक्त चौकशीच्या खिडकीवर विचारायचं, आणि कंडक्टर व चार प्रवासी दिसल्याशिवाय अंधाऱ्या गाडीत चढायचं नाही, मग सांगणारा कितीही सज्जन दिसो. तातडीच्या मदतीचा ११२ नंबर फोनमध्ये वर ठेवायला लावला. हे भाचीला घाबरवण्यासाठी नव्हतं, आणि माझ्या बोलण्याच्या सुरावरून ती फारशी घाबरलीही नाही.

एक गोष्ट मात्र बहिणीला सांगून पटली नाही. तिला कोयता गँगची धास्ती, टीव्हीवर बघून. मी म्हटलं, कोयता मी पुण्यात नारळवाल्याकडेच बघितलाय. रस्ता ओलांडताना मात्र आठवड्यातून एकदा तरी वाचतो. उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकी, फुटपाथवरून येणाऱ्या दुचाकी, सिग्नल सुटायच्या आधी सुटणाऱ्या दुचाकी. आणि बाह्यवळणावर नवले पूल, जिथे कात्रज बोगद्याच्या उतारावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या एका ट्रकमुळे चाळीसहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या. अपघातातल्या मृत्यूंचा वेगळा हिशोब गुन्ह्यांचा अहवाल काढणाऱ्या त्याच खात्याच्या दुसऱ्या अहवालात असतो, त्यामुळे सुरक्षित शहरांच्या यादीत ते वेगळे असे दिसत नाहीत. नवीन माणसाला पुण्यात जपायचं असेल तर माझ्या मते यापासून आधी. दुसऱ्या कोणाचं मत वेगळं असू शकेल.

तक्ता बघूच नका असं मी सांगत नाही. तिकीट काढायच्या आधी बघा, घरातल्यांना दाखवा, उपयोग होतो. तिकीट काढल्यावर फोन करा. आणि दोन्हीपैकी एकालाच वेळ असेल तर मी तक्त्याचं पान मिटतो, एवढं कबूल करतो.

भाची साडेदहाच्या गाडीने आली. सकाळी पावणेसातला हडपसरहून फोन: “मामा, लख्ख उजाडलंय, माणसं आहेत, सगळं व्यवस्थित. पण चार रिक्षावाल्यांना विचारलं, मीटरने यायला कोणीच तयार नाही. काय करू?”

त्यावर काय सांगायचं ते मी अजून शोधतोय. स्कूटर काढली आणि निघालो.