कॅम्पसच्या सूचना कुठून द्याव्यात? ग्रुप, चॅनल, ईमेल, कॅलेंडर आणि फलक यांचा तुलनात्मक आढावा

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की विद्यार्थी परिषदेच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीत विषय निघतोच: यंदा कार्यक्रमांच्या सूचना कुठून द्यायच्या? एक जण म्हणतो, ग्रुप करू. दुसरी म्हणते, ग्रुप वाचतं कोण, इन्स्टावर टाका. प्राध्यापकांना रीतसर ईमेल हवा असतो. कार्यालयाच्या लेखी फलकावर कागद लागल्याशिवाय सूचना दिलीच गेलेली नसते. मग कुणालाच दुखवायला नको म्हणून सगळीकडेच टाकायचं ठरतं, आणि थोड्याच दिवसांत एकाच कार्यशाळेच्या तीन वेगवेगळ्या वेळा कॅम्पसभर फिरू लागतात.

हे ठरवण्याचं काम तुमच्याकडे आलं असेल तर माझं मत आधीच सांगून ठेवतो. माध्यम निवडताना ‘किती जणांपर्यंत पोचेल’ हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याच्याही आधी विचारावं ते हे, की वेळ किंवा जागा बदलली तर आधी दिलेली सूचना दुरुस्त करता येते का? कॉलेजच्या कार्यक्रमात काही ना काही बदलतंच. पाहुणे अडकतात, सभागृह ऐनवेळी परीक्षेसाठी लागतं, मैदानावर पाणी साचतं. पहिली सूचना कशानेही पोचते. माध्यमाची परीक्षा दुसऱ्या सूचनेला होते.

या कसोटीवर सगळ्यात आवडतं माध्यम सगळ्यात आधी घसरतं. व्हॉट्सॲपचा साधा ग्रुप उघडायला मिनिट लागत नाही, जवळजवळ प्रत्येकाच्या फोनवर तो असतोच, आणि एका वर्गापुरतं किंवा पन्नास स्वयंसेवकांच्या चमूपुरतं त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १,०२४ सदस्य मावतात. कॉलेज मोठं असेल तर दोन-तीन ग्रुप करावे लागतात आणि मग एकात टाकलेली दुरुस्ती दुसऱ्यात टाकायची राहते. पाठवलेला संदेश १५ मिनिटांच्या आत सुधारता येतो. त्यानंतर सुधारणा नाही, फक्त खोडणं, आणि तेही साधारण अडीच दिवसांपर्यंतच. म्हणजे सोमवारी टाकलेल्या सूचनेतली जागा शुक्रवारी बदलली, तर जुना संदेश तसाच राहतो आणि खाली नवा येतो. वर सरकवत जाणाऱ्याला आधी नवा दिसेल, शोधून काढणाऱ्याला कदाचित जुनाच. महत्त्वाचा संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस वर टाचून ठेवता येतो. ही सोय चांगली आहे, पण टाचून ठेवायची आठवण कुणाला तरी व्हावी लागते.

शिवाय ग्रुप म्हटला की गप्पा आल्या. ‘धन्यवाद सर’ चाळीस वेळा येतं आणि मूळ सूचना गडप होते. यावर उपाय २०१८ पासून आहे: फक्त ॲडमिननेच लिहायचं, अशी सेटिंग. ती लावा. सगळ्यांना आवडणार नाही, तरी लावा. तरीही एक अडचण उरते ती फोन नंबरची. मोठ्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर अनोळखी शेकड्यांना दिसतो. पहिल्या वर्षाच्या मुलींनी याबद्दल तक्रार केली तर ती फाजील समजू नये.

नंबर लपवायचे असतील तर चॅनल. व्हॉट्सॲपने चॅनल २०२३ मध्ये आणले. इथे बोलणारा एक, बाकीचे ऐकणारे. अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि सदस्यसंख्येची चिंता नाही. टेलिग्रामचं चॅनल याच जातीचं, पण सूचनांच्या कामाला जास्त पक्कं वाटतं, कारण नव्याने आलेल्याला पहिल्यापासूनचा सगळा इतिहास दिसतो आणि संदेश आधीच लिहून ठरावीक वेळी जाईल असा लावून ठेवता येतो. सत्राच्या मध्यावर बदली होऊन आलेला विद्यार्थी टेलिग्रामवर मागचं सगळं वाचू शकतो. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये तो आला तर त्याला आधीचं आपोआप काही दिसत नाही. टेलिग्रामच्या ग्रुपमध्येही २ लाखांपर्यंत माणसं मावतात, तेव्हा संख्येचा प्रश्न मिटतो.

मग टेलिग्रामच का नको? कारण साधं आहे. ते ॲप प्रत्येकाकडे नसतं आणि असलं तरी सूचनांचा आवाज बंद असतो. चॅनलचा मोठा दोष तोच, व्हॉट्सॲपचं असो वा टेलिग्रामचं: माणूस स्वतः येऊन जोडला जावा लागतो. ग्रुपमध्ये तुम्ही त्याला ओढून आणू शकता, चॅनलमध्ये नाही (टेलिग्रामवर फार तर पहिल्या २०० जणांना). प्रवेशाच्या आठवड्यात, ओळखपत्रं वाटताना, रांगेत उभ्या असलेल्याला क्यूआर कोड दाखवून जोडून घेतलं तरच आकडा भरतो. तो आठवडा गेला की उरलेले लोक वर्षभर ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणत राहतात.

ईमेलबद्दल विद्यार्थी नाक मुरडतात, आणि त्यांचं निम्मं खरं आहे. पण ज्या सूचनेला पुरावा लागतो तिला ईमेलला पर्याय नाही: शुल्काची मुदत, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेच्या वेळापत्रकातला बदल. उद्या वाद झाला तर कुणाला, कधी, काय कळवलं हे दाखवता येतं. एक व्यावहारिक अडचण ध्यानात असू द्या. साध्या जीमेल खात्यावरून २४ तासांत सुमारे ५०० जणांनाच पाठवता येतं. संस्थेच्या वर्कस्पेस (संस्थांसाठीच्या गूगल सेवेच्या) खात्याला ही मर्यादा दिवसाला २,००० संदेशांची आहे. दीड हजार पत्ते ‘प्रति’च्या रकान्यात चिकटवून पाठवणारा उत्साही स्वयंसेवक एकाच वेळी दोन चुका करतो: खातं अडकवतो आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना वाटतो. संस्थेकडून एक वितरण-यादी करून घ्या. पाठवायचा पत्ता एकच, यादी मागे कार्यालय सांभाळेल. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र ईमेल अगदी कच्चा. गेलेला ईमेल परत येत नाही. ‘सुधारित’, ‘सुधारित २’ आणि ‘अंतिम सुधारित’ अशी माळ लागते.

आणि आता ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही ते: सामायिक कॅलेंडर. ते कंटाळवाणं आहे, हे कबूल. त्यावर पोस्टर नाही, लाईक नाहीत. पण दुरुस्तीच्या कसोटीवर ते एकटं पूर्ण गुणांनी उतरतं. कार्यक्रमाची नोंद एकच असते. जागा बदलली की तीच नोंद बदलते, आणि ज्यांनी ते कॅलेंडर आपल्या फोनवर घेतलं आहे त्यांच्याकडे जुनी नोंद मागे उरत नाही. शिवाय दोन मंडळांनी एकाच संध्याकाळी एकच सभागृह धरलं असेल तर ते तिथे डोळ्यांना दिसतं. ग्रुपमध्ये ते भांडण झाल्यावर कळतं. आयकॅलेंडर या खुल्या स्वरूपाचं मानक १९९८ मध्ये आलं आणि २००९ मध्ये सुधारलं गेलं. त्यामुळे गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, कुणाचंही कॅलेंडर असो, एकाच दुव्यावरून सगळ्यांना जोडता येतं. फक्त बाहेरच्या दुव्याने जोडलेलं कॅलेंडर ताजं व्हायला काही तास लागू शकतात. त्यामुळे ‘अर्ध्या तासात खोली बदलली आहे’ हे सांगायला ते उपयोगाचं नाही. त्यासाठी चॅनलच.

इन्स्टाग्रामवर मी फार वेळ घालवणार नाही. स्नेहसंमेलनाची हवा करायला ते उत्तम, माहिती ठेवायला निकामी. स्टोरी २४ तासांत जाते, आणि पोस्टमधला मजकूर चित्रात असतो. चित्रातली तारीख शोधून सापडत नाही, कॉपी होत नाही, आणि मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती तर काहीच लागत नाही. पोस्टर टाका, पण तोच मजकूर खाली अक्षरांतही लिहा. हा नियम व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या पोस्टरलाही लागू.

उलट काचेच्या पेटीतला सूचना फलक जितका मागास समजला जातो तितका नाही. त्याला चार्जिंग लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि कॅम्पसवर रोज वावरणारे पण कुठल्याच ग्रुपमध्ये नसलेले लोक तो वाचतात: सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक, ग्रंथालयात येणारे माजी विद्यार्थी. त्याचा खरा रोग वेगळा आहे. कागद लावायला सगळे येतात, काढायला कुणी नाही. मागच्या सत्राच्या वक्तृत्व स्पर्धेवर यंदाचं रक्तदान शिबिर टाचलं जातं आणि काही दिवसांनी फलक वाचायची सवयच मोडते. प्रत्येक कागदावर उजव्या कोपऱ्यात ‘अमुक तारखेनंतर काढावे’ असं लिहून घेतलं आणि ती तारीख नसलेला कागद लावायचाच नाही असं ठरवलं, तर निम्मं काम होतं. कोपऱ्यात कॅलेंडरचा क्यूआर कोड छापला तर कागद जुना झाला तरी कोडमागची माहिती ताजी राहते.

माध्यम कुठलंही निवडा, मजकूर कच्चा असेल तर सगळं फुकट. हा नमुना पाहा, कॅम्पसवर रोज फिरतो तसलाच:

‘सर्वांना कळविण्यात येते की उद्या दुपारी ४ वाजता सेमिनार हॉलमध्ये करिअर मार्गदर्शन आहे. सर्वांनी उपस्थित राहावे.’

हा संदेश बुधवारी लिहिला गेला. गुरुवारी सकाळी कुणीतरी तो दुसऱ्या ग्रुपवर पुढे ढकलला आणि तिथे ‘उद्या’ म्हणजे शुक्रवार झाला. सेमिनार हॉल कुठल्या इमारतीतला? ‘सर्वांनी’ म्हणजे पहिल्या वर्षानेही? तासिका बुडवून यायचं का? एकाही प्रश्नाला उत्तर नाही. तेच असं लिहिता येतं:

‘करिअर मार्गदर्शन. गुरुवार, १२ तारीख, दुपारी ४ ते ५.३०. विज्ञान इमारत, दुसरा मजला, सेमिनार हॉल. अंतिम वर्षासाठी, इतरांना जागा असेल तर प्रवेश. नोंदणी लागत नाही. बदल झाल्यास कॅलेंडरवर दिसेल.’

वार आणि तारीख दोन्ही लिहायचं कारण असं, की एकात चूक झाली तर दुसरं ती पकडून देतं. ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या शनिवारी’ हे शब्द पुढे पाठवल्या जाणाऱ्या संदेशात नकोतच.

निवड करायची तर छोट्या कॉलेजात, समजा पाचशे-सातशे विद्यार्थी असतील तिथे, फक्त ॲडमिन लिहू शकतील असा एक ग्रुप, एक कॅलेंडर आणि फलक एवढं पुरे. चॅनलसाठी धडपडू नका. विद्यार्थी हजाराच्या पुढे गेले की ग्रुप फोडत बसण्यापेक्षा चॅनलवर जा. व्हॉट्सॲपचं की टेलिग्रामचं हे तुमची मुलं आधीच कुठे आहेत त्यावर ठरवा, सोयींच्या यादीवर नाही. वसतिगृह असेल तर तिथला ग्रुप वेगळा ठेवा. पाणी बंद असल्याची सूचना आणि परिसंवादाचं निमंत्रण एका रांगेत आलं की दोन्हींचं वजन कमी होतं. मुदत आणि पैसा ज्यात गुंतला आहे ते सगळं ईमेलने, संस्थेच्या पत्त्यावरूनच.

पण मूळ नोंद एकाच ठिकाणी, कॅलेंडरवर. बाकीच्या माध्यमांनी तिकडे बोट दाखवायचं. चॅनलवर दोन ओळी आणि दुवा, फलकावर कोड, ईमेलच्या तळाशी तोच दुवा. बदल झाला की आधी कॅलेंडर, मग चॅनल, मग बाकीचं, हा क्रम लिहून परिषदेच्या खोलीत चिकटवा.

सुरुवातीलाच उरकायची एक गोष्ट म्हणजे खात्याची मालकी. चॅनल, कॅलेंडर, इन्स्टाग्राम ही सगळी खाती सहसा त्या वर्षीच्या सचिवाच्या खासगी नंबरवर आणि ईमेलवर उघडली जातात. सचिव पदवी घेऊन जातो आणि नवी परिषद पुन्हा शून्य अनुयायांपासून सुरुवात करते. त्यामुळे खाती संस्थेच्या पत्त्यावर उघडा, ॲडमिन किमान दोन ठेवा, आणि त्यातला एक कायमस्वरूपी कर्मचारी असू द्या, म्हणजे परिषद बदलली तरी दुवा आणि क्यूआर कोड तेच राहतात.