चाक दुभाजकाला आपटलं आणि बिल आलं स्टीअरिंग रॅकचं

वळताना डाव्या बाजूचं पुढचं चाक दुभाजकाच्या कडेवर आपटलं. गाडी साधी हॅचबॅक, वेग तीसच्या आसपास. बंपर शाबूत, टायरमधली हवा जागच्या जागी, गाडी चालत होती. फरक दोनच पडले. सरळ रस्त्यावर ती डावीकडे ओढू लागली, आणि ब्रेक दाबला की खालून एकदाच 'खट' असा आवाज यायचा. मालकाने ती जवळच्या गॅरेजात टाकली. चार दिवसांनी हातात पडलं २८ हजारांचं बिल: स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा दांडा), पुढचे दोन्ही शॉकअप, पॉवर स्टीअरिंग ऑइल, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), मजुरी. स्टीअरिंग सरळ झालं होतं, ओढणं थोडं कमी झालं होतं, आवाज मात्र जसाच्या तसा. "नवीन पार्ट आहेत साहेब, सेट व्हायला हजार किलोमीटर जातील," असं सांगून गॅरेजवाल्याने बोळवण केली.

हे वाक्य ऐकलंत की तिथेच थांबा. वाकलेला पार्ट चालवून सरळ होत नाही. काम नीट झालं असेल तर गाडी फाटकातून बाहेर पडतानाच सरळ चालते.

बिलातली पहिली खोटी ओळ ऑइलची होती. या गाडीचं पॉवर स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे, मोटर डॅशबोर्डखाली स्टीअरिंग कॉलमवर बसवलेली. त्यात ऑइल नसतंच, ते भरायची टाकीही नसते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या अशाच आहेत. बॉनेट उघडून एकदा बघून ठेवा.

बाकीचं दुसऱ्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवल्यावर उघड झालं. रॅकच्या बोल्टांवर जुना मळ घट्ट बसलेला, त्यावर पाना लागल्याची एकही खूण नाही. रॅक उतरवायचा तर कॉलमचा जोड सोडवावा लागतो, दोन्ही टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारी टोकं) काढावे लागतात, बऱ्याच गाड्यांत क्रॉस मेंबरही (इंजिनखालची आडवी चौकट) खाली घ्यावा लागतो. एवढं काम बोल्टांना हात न लावता होत नाही. रॅक जुनाच होता, रबरी बूट तेवढे पुसून चकचकीत केलेले. उजवा शॉकअपही जुनाच. डाव्या शॉकअपच्या ब्रॅकेटवर, जिथे तो नकलला (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला) दोन बोल्टांनी जोडला जातो तिथे, लोखंडी जबड्याचे ताजे ओरखडे होते.

आणि खरा आजारी पार्ट कुणी पाहिलाही नव्हता. डाव्या लोअर आर्मच्या (चाक खालून गाडीला धरून ठेवणाऱ्या हाताच्या) मागच्या बाजूला, बुशच्या (जोडातल्या रबराच्या) अलीकडे, काळ्या रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, दोन ठिकाणी रंग उडून गंज धरायला लागला होता. पत्रा वाकला की रंग असा फुटतो. टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म हलवला तर मागचं बुश अर्ध्याहून जास्त फाटलेलं दिसलं. ब्रेक दाबल्यावर चाक मागे ढकललं जातं, फाटलेलं बुश ते अडवू शकत नाही, आणि आर्म बुशच्या लोखंडी कपावर आदळतो. 'खट' तो हाच.

ओरखड्यांचा अर्थ नीट समजून घ्या, कारण ही लबाडी फार चालते. लोअर आर्म वाकल्याने चाकाचा खालचा भाग आत आणि मागे गेला होता, म्हणजे कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) आणि कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल) दोन्ही बिघडले. या गाडीत या दोन्हींना ॲडजस्टमेंट नाही, टाय रॉडवरून फक्त टो (वरून बघता चाकाचं तोंड आत-बाहेर असणं) बदलतो. मग दुकानदार हायड्रॉलिक कॅम्बर टूल लावतो आणि चांगला शॉकअपच वाकवतो. अलाइनमेंट मशीनच्या स्क्रीनवर कॅम्बर लालचा हिरवा होतो, टो हिरवा होतो, स्टीअरिंग सरळ दिसतं. कॅस्टर तसाच राहतो, म्हणून गाडी ओढतच राहते. एक पार्ट वाकला होता, आता दोन झाले.

अलाइनमेंट मशीनच्या पर्चीवरून हे पकडता येतं. कॅम्बर, कॅस्टर आणि किंगपिनचा कोन (त्याच आसाचा समोरून दिसणारा कल), ज्याला काही मशिनांवर एसएआय म्हणतात, असे तिन्ही आकडे मागा. किंगपिनचा कोन दोन्ही बाजूंना सारखा आणि कॅम्बर एकाच बाजूचा चुकलेला, तर शॉकअप किंवा नकल वाकलंय. किंगपिन आणि कॅम्बर उलट दिशेने पण सारख्याच मापाने सरकलेत, बेरीज जागेवर आहे, तर लोअर आर्म, क्रॉस मेंबर किंवा वरचा टॉवर (शॉकअपचं वरचं टोक बसतं ती जागा) बघायचा. कॅम्बर किंवा कॅस्टरमध्ये डाव्या-उजव्याचा फरक अर्ध्या अंशाहून जास्त असेल तर गाडी ओढू शकते. कॅस्टर मोजायला ब्रेक दाबून धरून चाकं दोन्हीकडे फिरवावी लागतात. घाईचं दुकान हे टाळतं आणि कॅस्टरचा रकाना कोरा सोडतं.

मशीन नसलं तरी घरी बरंच कळतं. सपाट जागेवर स्टीअरिंग सरळ ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा, मग दुसऱ्या बाजूला तेच. सेंटीमीटरभर फरक आला तर चाक मागे गेलंय. या गाडीत डावं चाक कमानीत मागच्या बाजूला सरकलेलं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, आणि स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की टायर लायनरला (कमानीच्या आतल्या प्लास्टिकला) घासत होता. टायरच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवा. बाहेरून धड दिसणारा टायर आतून फुगलेला असू शकतो, आणि असा टायर कधीही फुटतो. तो आधी उतरवा, बाकीचं नंतर.

मग गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ (सैलपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (आर्म आणि नकलमधला गोळ्याचा जोड). डावी-उजवीकडे धरून खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा आतला जोड. चाक फिरवताना रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरा. अंतर कमी-जास्त झालं तर रिम वाकलीय.

आवाजांवरूनही माग लागतो. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं, उजवीकडे वळताना जास्त येत असेल तर डावं बेअरिंग. स्टीअरिंग पूर्ण फिरवून हळू चालवताना कट-कट, तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट. छोट्या खड्ड्यांवर खडखड, तर बहुतेकदा लिंक रॉड. पत्रा घासल्यासारखा सततचा किरकिराट आला तर आधी डिस्कमागची पातळ पत्र्याची ढाल बघा. ती हाताने मागे वाकवली की आवाज जातो. एवढ्याशा कामासाठी लोकांना बेअरिंगचे पैसे भरावे लागलेत, याचा खरंच राग येतो.

शेवटी गाडीला लागलं काय? एक नवीन लोअर आर्म, टूलने वाकवलेल्याच्या जागी नवीन डावा शॉकअप, अलाइनमेंट. सगळं मिळून नऊ हजारांच्या आत, त्यातला शॉकअप तर पहिल्या गॅरेजच्या करणीमुळे. आर्म गॅस मारून सरळ करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तापवल्याने पोलादाची ताकद जाते आणि बुशचं रबर जळतं.

गाडी सोडतानाच सांगा: काही उघडायच्या आधी अलाइनमेंटची पर्ची काढा, त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ हवी. काम झाल्यावर दुसरी. ज्याला आधीची पर्ची नको असते, त्याच्याकडे गाडी ठेवू नका. खालच्या भागाचे फोटो स्वतः काढा. पार्ट नंबरसह लेखी अंदाजपत्रक घ्या. काढलेले पार्ट डिकीत मिळालेच पाहिजेत, आणि नव्याचे खोके सोबत. या मालकाला जुना रॅक मागायचं सुचलंच नाही, आणि त्यांनी दिलाही नाही.

विम्यातून करायचं तर पार्ट खोलण्याआधी कंपनीला कळवा, सर्व्हेअरने (कंपनीच्या वतीने नुकसान तपासणाऱ्याने) पाहिल्याशिवाय काहीही उतरवू देऊ नका. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये स्वतःच्या खिशातून जातात. झिरो डेप (पार्टची घसारा-कपात टाळणारं जादा कव्हर) नसेल तर रबर-प्लास्टिकचे निम्मे पैसेही. नो क्लेम बोनसही जाईल, म्हणून छोट्या कामाला आधी हिशोब करा.

फसवणूक झालीच असेल तर दुसऱ्या गॅरेजने पार्ट काढायच्या आधी तिथेच फोटो आणि पर्ची घ्या, बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

नवीन आर्म बसवताना समोर उभे राहा. बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर असताना फक्त हलके लावायचे, शेवटचा टाइट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच द्यायचा. लटकत्या चाकावर कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं, नवं बुश काही महिन्यांत फाटतं, आणि तोच 'खट' परत येतो.