परत आलेल्या खोक्याचं वजन बघा: सहा मिक्सर, १९,३२८ रुपये

१९,३२८ रुपये. एवढ्याला आम्हाला गंडवलं, आणि त्यासाठी ना कुणी लिंक पाठवली, ना ओटीपी मागितला. साध्या रिटर्नमधून गंडवलं. स्वतःच्या वेबसाइटवरून घरगुती उपकरणं विकणाऱ्यांनी हे वाचाच, पण ऑनलाइन मागवणाऱ्या ग्राहकांनीही वाचा. कारण या प्रकरणात ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा दोन ग्राहकांच्या घरी आमच्या हातून भंगार गेलं. पैशापेक्षा त्याची लाज जास्त वाटते.

प्रकार तुम्हाला माहीत असलेलाच आहे. कॅश ऑन डिलिव्हरीने नवा माल घ्यायचा, दोन-तीन दिवसांनी रिटर्न टाकायचं, त्याच खोक्यात जुना माल भरून पाठवायचा आणि रिफंड खिशात घालायचा. आमच्याकडे २३ दिवसांत अशा ६ ऑर्डर आल्या. ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर, किंमत ३,४९९ रुपये. मोबाइल नंबर चार, नावं सहा. पत्ता मात्र एकाच इमारतीचा, कधी फ्लॅट नंबर आधी, कधी नंतर, कधी 'च्या मागे', कधी 'च्या समोर'. रिटर्नचं कारण सहाही वेळा एकच: भांडं गळतंय. नंबरावरून ब्लॉक करून काही होत नाही, सिमकार्ड बदलायला वेळ लागत नाही. पिनकोड, इमारतीचं नाव आणि रिटर्नचं कारण या तिन्हींवर एकत्र फिल्टर लावा.

आता ती जागा सांगतो जिथे आम्हाला कळायलाच हवं होतं. अजून कुरिअरच्या पॅनेलवरचं ते पान उघडलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं खोकं ४० × ३२ × २६ सेंटिमीटरचं. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागतात, म्हणजे ६.६६ किलो. हे झालं व्हॉल्युमेट्रिक वजन, म्हणजे खोकं किती जागा घेतं त्यावरून धरलेलं. काट्यावरचं खरं वजन ४.६२ किलो. दोन्हींत जे जास्त त्यावर बिल लागतं, त्यामुळे जातानाही बिल ६.६६ चं आणि येतानाही ६.६६ चं. खोकं तेच, माप तेच, बिल तेच. पॅनेलवर 'आकारलेलं वजन' हा रकाना पहिल्यांदा दिसतो आणि आपण तोच बघतो. 'प्रत्यक्ष वजन' हा रकाना उजवीकडे सरकवल्यावर दिसतो. तिथे पहिल्या रिटर्नपुढे स्पष्ट आकडा होता: ३.३८ किलो. गेलं ४.६२, आलं ३.३८. तब्बल १ किलो २४० ग्रॅम कमी. दुसरं रिटर्न ३.४१, तिसरं ३.३५. एकही आकडा लपवलेला नव्हता. वजन वाढलं की आपण कुरिअरशी भांडतो, कारण जास्तीचे पैसे जातात. कमी झालं की कुणी ढुंकून बघत नाही. या माणसाला हे नेमकं माहीत होतं असं आम्ही छातीठोक सांगू शकतो, कारण मोठं खोकं आणि हलकं वजन अशाच मालावर हा डाव चालतो. लहान, जड वस्तूत बिल प्रत्यक्ष वजनावरच लागतं, तिथे फरक बिलातच दिसून गेला असता.

आत काय होतं? जुनं, कमी वॅटचं मोटर युनिट, दोन पिवळी पडलेली भांडी, आणि खोकं हलवल्यावर आवाज येऊ नये म्हणून वर्तमानपत्राचे बोळे.

आम्ही बेसावध होतो हे मान्य, पण अगदीच डोळे मिटून बसलो नव्हतो. वरच्या झाकणाचं कंपनीचं सील शाबूत होतं. त्याने खोकं खालून उघडलं होतं. खालचे चार पाखे मधल्या टेपने धरलेले असतात. ती टेप गरम हवेने सैल करून, माल बदलून, तशीच पुन्हा बसवली. दिवसाला साठ-सत्तर पार्सलं जातात तिथे माणूस वरचं सील बघतो, बारकोड स्कॅन करतो आणि खोकं रॅकवर ठेवतो. तुम्हीही तेच करता. आजपासून खोकं उलटं करा. खालच्या टेपच्या कडेला धूळ चिकटलेली असेल, टेपखालचा पुठ्ठा सोललेला असेल किंवा टेपवर टेप असेल, तर पुढे काहीही न करता कॅमेरा लावा.

घरून माल उचलणारा मुलगा 'तपासणी' करतो असं कुरिअरच्या करारात लिहिलेलं असतं. तो खोक्याचा रंग आणि लेबल बघतो, फोटो काढतो आणि निघतो. सीलबंद खोकं उघडायची त्याला मुभाच नाही. त्या तपासणीवर एक पैसाही विसंबू नका.

रिफंडचं म्हणाल तर आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशी गत. पिकअप स्कॅन झाला, म्हणजे परतीचा माल घरून उचलल्याची नोंद झाली, की रिफंड आपोआप सुटेल अशी सेटिंग आमचीच. का ठेवली? कारण रिफंडला चार दिवस लागले की ग्राहकाचे फोन सुरू होतात, रेटिंगमध्ये एकच तारा पडतो, आणि पुढचा ग्राहक तो तारा बघून दुसरीकडे जातो. ऑनलाइन दुकानात वस्तूला हात लावता येत नाही. 'आवडलं नाही तर परत' हे वाक्य काढून टाकलं तर अनोळखी दुकानातून साडेतीन हजाराची वस्तू कोण मागवेल? कॅश ऑन डिलिव्हरीचंही तेच. ती बंद केली की ऑर्डरी घटतात, चालू ठेवली की पैसे कुरिअरकडे अडकतात. आमचे डिलिव्हरीनंतर आठव्या दिवशी येतात. म्हणजे सहापैकी तीन वेळा गिऱ्हाइकाने दिलेली रोकड आमच्या खात्यात यायच्या आधीच आम्ही त्याला रिफंड देऊन मोकळे! आणि सहाही रिफंड मिळून दोनच यूपीआय खात्यांवर गेले. तो रिपोर्टही आमच्याकडेच होता. कॅश ऑन डिलिव्हरीचा रिफंड देताना खातेदाराचं नाव ऑर्डरवरच्या नावाशी जुळवा. न जुळल्यास थांबवा, फोन आले तरी थांबवा.

हिशेब असा. सहा मिक्सर, खरेदी २,६४० प्रमाणे १५,८४० रुपये. पाठवणी १८६ प्रमाणे १,११६. परतीचं भाडं २१४ प्रमाणे १,२८४. पुढे जे दोन ग्राहक भरडले गेले त्यांची जा-ये ३७२ आणि ४२८. आठ पाठवण्यांचं पॅकिंग ३६ प्रमाणे २८८. एकूण १९,३२८. त्या १५,८४० मध्ये १८ टक्क्यांनी २,४१६ रुपये जीएसटी आहे. विक्रीवरचा कर क्रेडिट नोट (विक्री परत आल्याची नोंद) काढून सुटतो, पण चोरीला गेलेल्या किंवा हरवलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे घेता येत नाही, घेतलं असेल तर उलटवावं लागतं. म्हणजे चोराने नेलेल्या मालाचा करही आमच्याच माथी.

आता त्या दोन ग्राहकांचं. पहिली दोन रिटर्न सील शाबूत म्हणून आम्ही न उघडता पुन्हा विक्रीला लावली. एका ताईंनी नवा मिक्सर म्हणून खोकं उघडलं आणि आत कुणाचा तरी वापरलेला, मसाल्याचा वास येणारा मिक्सर. त्यांनी आम्हाला चोर म्हटलं. त्यांच्या जागी कुणीही म्हटलं असतं. त्यांनी सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढला होता, लेबल त्यात दिसत होतं, म्हणून एका दिवसात पैसे परत गेले. दुसऱ्या ग्राहकाकडे व्हिडिओ नव्हता, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस आम्ही त्याच्यावरच संशय घेतला. ग्राहकांनो, टेप कापायच्या आधी कॅमेरा सुरू करा, मधे बंद करू नका. यंत्राच्या तळावरचा सीरियल नंबर, वॉरंटी कार्ड आणि खोक्यावरचा नंबर हे तिन्ही जुळतात का ते चालू करण्याआधी बघा. ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे दारातच खोकं उघडून माल दाखवणारी, असेल तर माल पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नका. एकदा ओटीपी गेला की कागदोपत्री माल चांगला मिळाला असं धरतात. आणि रिफंडसाठी कुणी क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे येताना पिन लागत नाही.

ग्राहकाला निदान दारं तरी आहेत. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. लहान विक्रेत्याने जायचं कुठे?

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. सहा बिलं, सहा वजनं, चार उघडतानाचे व्हिडिओ, दोन खाती, सगळं छापून नेलं. उत्तर: हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा. सायबर शाखेत गेलो. उत्तर: पार्सलमध्ये माल बदलला, यात सायबर काय? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर: पैसे तुम्हीच रिफंड म्हणून पाठवलेत. १९१५ वर उत्तर: तुम्ही ग्राहक नाही, विक्रेते आहात. कुरिअरकडे दावा टाकला. उत्तर: परतीचा माल मिळाल्यापासून ४८ तासांत दावा हवा होता. त्यांच्याच काट्यावर १ किलो २४० ग्रॅम कमी भरले, त्यांच्याच रिपोर्टमध्ये ते छापून आले, आणि मुदत मात्र आमची संपली! ठाण्यात तर एका साहेबांनी विचारलं, वजन कमी होतं तर घेतलंत कशाला? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही, पण तो प्रश्न आधी चोराला विचारायला हवा होता. चार फेऱ्या, आणि डायरीत एक ओळ नाही. सहा वेळा एकाच पद्धतीने, एकाच इमारतीतून, दोनच खात्यांवर पैसे घेणं याला वाद म्हणायचं तर फसवणूक कशाला म्हणायचं? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलेली आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर तोंडी बोलत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. हद्दीचं कारण सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(१) दाखवा, गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. नोंदवायला नकार दिला तर १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

गोदामात आता काय बदललं ते सांगतो, सगळं मिळून खर्च फारसा नाही. पाठवण्याआधी सीरियल नंबरचा फोटो आणि तोच नंबर बिलावर. वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंना सोलली की अक्षरं उमटणारी टेप. मोटर युनिटच्या तळाला अतिनील पेनाची खूण, जी साध्या उजेडात दिसत नाही. सीरियलचा स्टिकर सोलून जुन्या यंत्रावर चिकटवता येतो, ही खूण तशी हलवता येत नाही. परतीचं प्रत्येक खोकं न उघडता आधी काट्यावर, काट्याचा आकडा, लेबल आणि खोक्याच्या सहाही बाजू एकाच सलग व्हिडिओत, मग कात्री. १०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला की रिफंड थांबतो आणि त्याच दिवशी कुरिअरकडे दावा जातो. पिकअप स्कॅनवरचा आपोआप रिफंड बंद. ऑर्डरच्या पानावरच लिहिलं आहे: रिफंड तपासणीनंतर, तीन कामकाजाच्या दिवसांत. काही ग्राहक यामुळे कमी झाले.

ती सहा जुनी यंत्रं लेबलं लावून वेगळी ठेवली आहेत, टाकून दिलेली नाहीत. पुरावा म्हणून कुणी मागेल तेव्हा द्यायची आहेत. अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जाची टपालाची पोच आली, त्याला ४१ दिवस झाले. अजून फोन आलेला नाही. ती दोन यूपीआय खाती आजही चालू आहेत.