इंटर्नशिपच्या मुलांकडून ब्लॉग लिहून घेतला, दोन बॅचनंतरचा अनुभव

दोन बॅच झाल्या, म्हणजे साधारण आठ महिने, आता लिहायला हरकत नाही. आधी आमच्याकडे लॉगबुक असायचं. मुलं शेवटच्या आठवड्यात बसून सगळं एकदम भरायची, सगळ्या नोंदी एकाच पेनानं, आणि आम्हीही न वाचता सह्या ठोकायचो. म्हणून मग वर्डप्रेसवर पाच-सहा जणांच्या गटाचा एक ब्लॉग, आठवड्याला एक पोस्ट आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पोस्टवर एक कमेंट.

सुरुवातीला मी हौसेनं अनुभवावर विचार करून लिहायचं गिब्जचं १९८८ चं सहा पायऱ्यांचं चक्र दिलं. मॉडेल चांगलंच आहे, पण पोरांनी त्याचा फॉर्म करून टाकला, सहा हेडिंग, प्रत्येकाखाली दोन ओळी, आणि 'काय वाटलं' च्या खाली सगळ्यांचं एकच, खूप शिकायला मिळालं. (अरे पण काय?) तिसऱ्या आठवड्यात ते गुंडाळलं आणि बोर्टनचे १९७० चे तीन प्रश्न दिले, काय झालं, मग त्याचं काय, आता काय. वर एकच अट, एकच प्रसंग घ्यायचा, अख्खा आठवडा नाही. तेव्हा कुठे पोस्टमध्ये माणूस दिसायला लागला. एका मुलीनं लिहिलं की मीटिंगमध्ये काही कळलं नव्हतं तरी मान डोलावली आणि दोन दिवस चुकीचं काम करत बसले. खाली तिघांच्या कमेंट, माझं पण सेम. इंटर्नशिपला पोरं एकेकटी पडतात हो, आजूबाजूला सगळे सिनियर, विचारणार कुणाला, त्यामुळे ते 'माझं पण सेम' माझ्या दहा ओळींच्या सल्ल्यापेक्षा जास्त कामाला आलं. पुढच्या पोस्टमध्ये तिनंच लिहिलं, आता काम मिळालं की आधी दोन वाक्यात परत सांगून बघते, हेच हवंय ना म्हणून.

माझी मोठी चूक म्हणजे मार्क. पहिल्या बॅचला प्रत्येक पोस्टला मार्क ठेवले तर चूक कबूल करायला कुणी तयारच होईना, आणि का व्हावं, ज्याच्या हातात मार्क त्यालाच कोण सांगणार. आता पोस्ट वेळेवर टाकली की बास, मार्क शेवटच्या रिपोर्टला, त्यात आपल्याच तीन जुन्या पोस्ट वाचून त्यांच्यावर लिहायचं.

सेटिंगचा पण घोळ झाला. पोस्ट 'प्रायव्हेट' केली की लिहिणारा सोडून फक्त अ‍ॅडमिन आणि एडिटरला दिसते, गटातल्या बाकीच्यांना नाही, हे कळेपर्यंत पहिला आठवडा गेला, शेवटी पासवर्ड लावला. तरी एकानं क्लायंटच्या स्क्रीनचा फोटो टाकलाच. लगेच काढायला लावला आणि तेव्हापासून कंपनी, क्लायंट, पेशंट, कुणाचंच नाव-फोटो नाही हे पहिल्याच दिवशी बजावून सांगते.

आणि वेळ जातो, खोटं कशाला बोलू. तीस मुलं म्हणजे आठवड्याला तीस पोस्ट, आणि दोन आठवडे आपण पोस्टखाली काहीच लिहिलं नाही की पोस्ट आखडायला लागतात. एक जण तर शेवटपर्यंत दोन ओळींच्या पुढे गेलाच नाही, फोन केला की मात्र अर्धा तास बोलायचा, म्हणून पुढच्या बॅचला ऑडिओ पण चालेल असं सांगणार आहे.