केसाने नव्हे, धाग्याने कापलेला गळा

गेली 31 वर्षे मी डोंबिवलीत ब्लाऊज शिवते. गिऱ्हाइकाच्या गळ्याचे माप घेताना हनुवटीखालची सैल कातडी रोज डोळ्यांसमोर असते. पण वयाच्या 57व्या वर्षी भाचीच्या लग्नाच्या अल्बममध्ये स्वतःची मान तशीच दिसली, तेव्हा ती मला खुपली, हे आधीच कबूल करते. या वयात ही हौस कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल. ज्यांच्या मनात मानेच्या शस्त्रक्रियेचा विचार घोळतो आहे आणि जे तो घरात बोलून दाखवत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, कारण मीही कोणाला सांगितले नव्हते आणि त्या लपवालपवीने फसवणाऱ्यांचे निम्मे काम मीच सोपे करून ठेवले होते.

मोबाइलवर जाहिरात आली: नेकलिफ्ट (मानेची सैल कातडी घट्ट करणे), 49,000 रुपये, चिरा नाही, भूल नाही, दुपारी येऊन संध्याकाळी घरी. ठाण्यातल्या त्या क्लिनिकमध्ये गेले, तेव्हा डॉक्टरांच्या आधी पांढरा कोट घातलेली एक मुलगी भेटली. ती समुपदेशक होती, हे मला नंतर कळले. तिने मला आधी मॅडम, मग आँटी आणि पैशांचा विषय निघाल्यावर काकू म्हटले. टॅबवर तिने एका बाईची दोन छायाचित्रे दाखवली. एक उपचारापूर्वीचे, दुसरे सहा महिन्यांनंतरचे. पहिल्यात मान खाली झुकलेली आणि उजेड डोक्यावरून पडलेला होता, तर दुसऱ्यात हनुवटी वर उचललेली आणि उजेड समोरून होता. माझी नजर मात्र सवयीने ब्लाऊजवर गेली. डाव्या खांद्यापाशी पायपिंग बोटभर उसवलेले होते आणि दोन्ही छायाचित्रांत ते तंतोतंत तेवढेच उसवलेले होते, अगदी लोंबणाऱ्या दोऱ्यासकट. सहा महिने कोणी बाई उसवलेला ब्लाऊज तसाच ठेवील आणि नेमका तोच घालून पुन्हा छायाचित्राला बसेल, हे शक्य नव्हते. मला ते दिसले आणि मी ते मनातच दाबले, कारण मला त्या दुसऱ्या छायाचित्रासारखी मान हवी होती.

मग 49,000चे पॅकेज ‘तुमच्या मानेला पुरणार नाही’ असे निघाले. कातडीखालून ओढून मान ताणण्याचे 16 धागे, ध्वनिलहरींच्या यंत्राच्या तीन बैठका आणि चरबी विरघळवण्याची इंजेक्शने मिळून 1,85,000 रुपये सांगण्यात आले आणि ही सवलत आजच्या दिवसापुरतीच असल्याचे बजावण्यात आले. 25,000 रोख दिले तर त्यावर जीएसटी लागणार नाही, म्हणून पावती घेऊ नका, असा सल्लाही मिळाला. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांवर जीएसटी लागतो हे खरे आहे, आणि म्हणूनच तो वाचवण्याचे आमिष खरे वाटते. पण पावती सोडणारा गिऱ्हाईक कर वाचवत नसतो, पुरावा सोडत असतो. उरलेल्या 1,60,000 साठी ‘तुम्हाला हप्ते बसतात का, एवढेच बघू’ असे म्हणत त्या मुलीने माझाच मोबाइल हातात घेतला आणि आलेले दोन ओटीपी मी तिला वाचून दाखवले. घरी पोहोचेपर्यंत कर्ज मंजूर होऊन सगळी रक्कम क्लिनिकच्या खात्यात गेली होती. उपचार घ्या अथवा घेऊ नका, दर महिन्याच्या 5 तारखेला सुमारे 8,900 रुपयांचा हप्ता, असे 18 महिने माझ्या गळ्यात पडले.

उपचाराच्या दिवशी जाहिरातीतले डॉक्टर नव्हतेच. जे होते त्यांनी नाव सांगितले ते मास्कमधून, आणि संमतिपत्रावर डॉक्टरांच्या नावाची जागा कोरी होती. रक्तदाब कोणी मोजला नाही. मी रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. ती घेता का, हेही कोणी विचारले नाही. कानामागे बधिर करणारी इंजेक्शने देऊन त्यांनी कातडीखालून धागे ओढले. पाऊण तासात मी बाहेर आले आणि रात्रीपर्यंत गळ्यापासून छातीपर्यंत काळेनिळे पसरले.

पहिले तीन आठवडे मान खरोखर घट्ट दिसत होती, आणि तेवढ्यात मी दोन गिऱ्हाइकांना त्या क्लिनिकचे नाव सांगूनही बसले, याची मला अजून लाज वाटते. ती घट्ट दिसणारी मान म्हणजे सूज होती. ती उतरली तशी कातडी पुन्हा जागेवर आली, डाव्या कानाखाली एक खळगा तेवढा उरला आणि मान वळवली की तिथे धाग्याचे टोक टोचू लागले. क्लिनिकचे उत्तर असे की परिणाम व्यक्तीनुसार बदलतात आणि आणखी आठ धागे घातल्यास फरक पडेल.

अखेर माझ्या लेकीला सगळे सांगितले. तिने मुंबईतल्या एका रुग्णालयातील प्लास्टिक सर्जनकडे नेले आणि तिथल्या वीस मिनिटांत मला जे कळले ते आधी कळते तर हा लेख लिहावा लागला नसता. त्यांनी प्रथम गोळ्यांची यादी मागितली आणि रक्तदाब घेतला. मग दात आवळून ओठांचे कोपरे खाली ओढायला सांगितले. तसे करताच हनुवटीखालून गळपट्टीकडे जाणारे दोन उभे दोर वर आले. त्या प्लॅटिस्मा नावाच्या मानेतल्या पातळ स्नायूच्या कडा, ज्या वयाबरोबर सुटतात. त्यानंतर कातडी चिमटीत धरून त्यांनी चरबी किती आणि नुसती सैल त्वचा किती ते पाहिले. खऱ्या नेकलिफ्टमध्ये हनुवटीखाली आणि कानामागे चिरे घेतात, गरजेप्रमाणे चरबी काढतात, स्नायूच्या कडा मध्यभागी एकमेकींना शिवतात आणि जादा कातडी कापून टाकतात. ही काही तासांची शस्त्रक्रिया असते. भूल असते, साचणारे रक्त बाहेर काढणारी नळी बसवावी लागू शकते, पट्टा बांधावा लागतो आणि दोन-तीन आठवडे सूज व काळेनिळे डाग राहतात. कातडीखाली रक्त साकळण्याचा धोका पहिल्या दिवसात सर्वांत जास्त असतो, म्हणून रक्तदाब, धूम्रपान आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची चौकशी आधी होते (या गोळ्या परस्पर बंद करायच्या नसतात, ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारूनच निर्णय होतो). कानाची पाळी बधिर होणे, खालच्या ओठाची हालचाल करणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊन ओठ वाकडा पडणे, हेही संभवते. हे सगळे त्यांनी न विचारता सांगितले. मला विरघळणारे धागे घातले होते आणि तसे धागे काही महिन्यांत शरीरात विरून जातात. जादा कातडी मात्र धाग्यांनी कमी होत नाही. सैल कापडाला कच्चा दोरा घालून चुण्या पाडता येतात, पण दोरा निघाला की कापड तेवढेच असते. कापडाचे हे गणित मी शिकाऊ मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते.

म्हणजे मला नेकलिफ्ट वाईट केली गेली असे झालेच नाही; ती केलीच गेली नाही, फक्त तिचे नाव विकले गेले. म्हणून पैसे देण्यापूर्वी कागदावर लिहून मागावे की कोणता चिरा घेणार, स्नायू शिवणार का, भूल कोण देणार आणि शस्त्रक्रिया कोणाच्या हातून होणार. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी कोणीही लावू शकतो. एम.बी.बी.एस.नंतर प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का ते पाहावे आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत स्वतः तपासावा. तपासायचा तो प्रत्यक्ष सुरी धरणाऱ्याचा, जाहिरातीतल्या चेहऱ्याचा नव्हे. रुग्ण ठेवणाऱ्या जागेची 1949च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही. ‘आम्ही दुसरा आजार लिहून पास करून देऊ’ असे कोणी म्हणाले, तर त्या खोट्या दाव्यावर सही आपली असेल, हे ध्यानात घ्यावे. आणि ओटीपी हीसुद्धा सहीच असते.

तक्रारीची वाट मी उशिरा धरली. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, नोटीस पाठवली आणि माझे उपचाराचे कागद लेखी मागितले. रुग्णाने मागितल्यावर ते 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. क्लिनिकने 40,000 रुपये परत देऊ केले, मात्र ‘कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशा कागदावर सही मागितली. ती मी केली नाही. उशिरा का होईना, हाती आलेल्या कागदांत एक पान असे होते ज्यावर वापरलेल्या धाग्यांच्या पाकिटांची स्टिकरे चिकटवली होती. बिलात 16 धागे होते, स्टिकरे आठ. मी ती तीनदा मोजली. जिल्हा ग्राहक आयोगापुढच्या अर्जाला तेच पान पहिले जोडले आहे. उपचारापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

सुनावणी अजून व्हायची आहे. हप्ते 11 गेले, सात उरले.