राजाचा डौल शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम: पावले उत्तम, दरबार रिकामा

नट, नर्तक आणि चित्रकार अशा तिघांसाठी तयार केलेला, राजाची भूमिका किंवा राजाचे चित्र कशामुळे राजस वाटते याचा शोध घेणारा दहा पाठांचा एक ध्वनिचित्रमुद्रित अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मुकुट, झगा आणि चढा आवाज एवढ्या भांडवलावर राजा उभा करण्याची सवय लागलेल्या माझ्यासारख्या नटाला त्यातल्या पहिल्या पाच पाठांनी जमिनीवर आणले, आणि तेही शब्दशः, कारण शिकवण्याची सुरुवातच पावलांपासून होते.

इयासँत रिगो याने १७०१ मध्ये रंगवलेले आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेले चौदाव्या लुईचे चित्र पाहिल्यावर बहुतेकांच्या लक्षात राहतो तो पांढऱ्या केसाळ अस्तराचा निळा झगा. शिक्षक मात्र आपली नजर खाली नेतात. चेहरा साठी ओलांडलेल्या माणसाचा आहे, पण झगा बाजूला सारून मुद्दाम पुढे केलेले, पांढऱ्या मोज्यांतले आणि लाल टाचांच्या बुटांतले पाय कसलेल्या नर्तकाचे आहेत. लुईने १६५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, एका दरबारी नृत्यनाट्यात उगवत्या सूर्याची भूमिका नाचून दाखवली होती आणि पुढे १६६१ मध्ये नृत्यासाठी राजाश्रित अकादमी स्थापन केली होती, हे समजल्यावर त्या उभे राहण्यामागची तालीम दिसू लागते. त्याहून बोलका तपशील राजदंडाचा आहे. राजाने तो उलटा धरून फिरायच्या काठीसारखा टेकवला आहे. सत्ता ज्याच्या अंगवळणी पडलेली असते, तो तिची खूण मुठीत आवळून धरत नाही, हे इथे इतके नेमके समजावले आहे की त्यावर बेतलेला काठीचा सराव करताना माझीच मूठ किती घट्ट असते हे मला चार दिवसांनी कळले.

चालीच्या पाठात नाट्यशास्त्राचा आधार घेतला आहे. देव आणि राजे यांसारख्या उत्तम पात्रांच्या दोन पावलांत चार ताल, मध्यम पात्रांच्या दोन आणि अधम पात्रांच्या एक ताल अंतर असावे, असे भरत सांगतो. (ताल हे इथे लांबीचे माप आहे, हे शिक्षकांनी सुरुवातीलाच सांगायला हवे होते, मी पहिला दिवस मात्रा मोजण्यात घालवला.) हे अंतर राखून चालले की वेग आपोआप कमी होतो, मान स्थिर होते, आणि नुसते संथ चालून न मिळणारा भारदस्तपणा येतो.

वेशभूषेच्या पाठात एलन टेरी या अभिनेत्रीचे उदाहरण आहे. लंडनच्या लायसियम नाट्यगृहात १८८८ च्या डिसेंबरात तिने लेडी मॅकबेथ साकारली, ती भुंग्यांचे हिरवे चकचकीत पंख शिवलेल्या पोशाखात. पुढच्या वर्षी जॉन सिंगर सार्जंट याने तिला स्वतःच्याच डोक्यावर मुकुट धरताना रंगवले, जरी प्रत्यक्ष प्रयोगात तसा प्रसंग नव्हता. नटीने तासभर पेलायचे ते चित्रकाराला एका क्षणात सांगावे लागते, हा फरक या पाठाने उत्तम मांडला आहे.

माझी खरी तक्रार पुढच्या पाठांविषयी आहे. सगळे सराव आरशासमोर, एकट्याने करायचे आहेत. व्हॅन डाइक याने १६३५ च्या सुमारास रंगवलेल्या पहिल्या चार्ल्सच्या शिकारीच्या चित्रात मुळात ठेंगणा असलेला राजा खालच्या दृष्टिकोनामुळे उंच भासतो, एवढे सांगून शिक्षक पुढे जातात. त्याच्यामागे घोड्याने मान झुकवली आहे, तिच्याबद्दल अक्षरही नाही. वेलास्केसच्या १६५६ च्या ‘लास मेनिनास’लाही जेमतेम दोन मिनिटे मिळतात, आणि तीही प्रकाशयोजनेवर खर्च होतात. वास्तविक त्या चित्रात राजा-राणी मागच्या आरशात अंधूक दिसतात तेवढेच, तरी दासी, राजकन्या, स्वतः चित्रकार अशा कितीतरी जणांच्या नजरा जिकडे वळल्या आहेत तिकडे ते उभे असणार हे आपण विनातक्रार मानतो. राजाचा दरारा इतरांच्या माना, नजरा आणि त्यांनी राखलेले अंतर यांतून तयार होतो, हा धडा या चित्राखेरीज कुठे शिकवणार होते? प्रवेशाच्या वेळी सभोवतालचे चार नट क्षणभर उशिरा उठले, तर आठवडाभर घोटलेली चाल वाया जाते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

आवाजाचा पाठ वरवरचा आहे. चित्रे मोठी करून पाहण्याची सोय चांगली आहे, आणि पाठवलेल्या चित्रफितीवर आलेला अभिप्राय उशिरा का होईना, नेमका होता.

एकपात्री प्रयोग करणाऱ्यांनी आणि व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा. नाटकमंडळींनी मात्र पहिले पाच पाठ राजाच्या भूमिकेतील नटाकडे सोपवावेत आणि उरलेला वेळ द्वारपाल, प्रधान व दासी यांच्या तालमीला द्यावा; आमच्या पुढच्या प्रयोगाचे वेळापत्रक मी तसेच आखले आहे.